न धुतलेले हात

जून महिना उजाडला आणि नवीं मुलें बोर्डिंगांत दाखल झालीं, कीं पहिल्याच आठवड्यांत मी त्यांना ओळीनें नळापाशीं उभें करतों आणि हात कसे धुवावे हें दाखवितों. हा माझा नेम आतां सर्वांच्या परिचयाचा झाला असून मोठ्या मुलांच्या थट्टेचाहि विषय झाला आहे. यंदा मात्र या नेमांत एक अडचण उपस्थित झाली. सहावीच्या वर्गांतील एक चुणचुणीत मुलगा हातावरचा साबणाचा फेंस तसाच ठेवून मला म्हणाला, "सर, प्रभु येशूच्या शिष्यांनीं हात न धुतांच भाकर खाल्ली. परूश्यांनीं त्यांना बोल लाविला, तेव्हां प्रभूनें शिष्यांचीच बाजू घेतली. मग तुम्ही आम्हांला हात धुवायला कां लावतां?"

मार्काच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय या मुलानें इतक्या लक्षपूर्वक वाचलेला पाहून मला आनंद झाला. परंतु उत्तर देण्यास मात्र मला सुचेना. "आधीं हात धू, मग सांगतों," असें म्हणून मीं वेळ मारून नेली. खरें उत्तर नळापाशीं उभ्याउभ्यानें देण्यासारखें नव्हतें. तें मला एका सणाच्या दिवशीं मिळालें होतें. त्यासाठीं मोठी किंमत पडली होती, आणि ती किंमत माझ्याऐवजीं दुसऱ्याच कोणीतरी दिली होती. संपादकांनीं यंदा वार्षिकासाठीं लेख मागितला, तेव्हां तें उत्तर येथेंच लिहून काढावें असें मीं ठरविलें.

सन २०१५ ची गोष्ट. त्या वर्षीं पुनरुत्थानाचा सण ५ एप्रिल रोजीं आला होता. मी त्या वेळीं दुसऱ्या एका गांवीं मुलांच्या बोर्डिंगची देखरेख पाहत होतों. सणाच्या दिवशीं सूर्योदयाची उपासना गांवाबाहेरच्या टेकडीवर होत असे. मुलें पहाटे चार वाजतां उठून गीतें गात टेकडी चढत. तेथून परत येण्यास आठ वाजत, दहा वाजतां मंदिरांत मोठी उपासना, आणि त्यानंतर सणाचें जेवण, असा त्या दिवसाचा क्रम ठरलेला होता. इतक्या गर्दींत बासुंदी आटविण्यास सकाळीं सवड मिळणार नाहीं, म्हणून ती आदल्या संध्याकाळींच करून ठेवावी असा हुकूम मींच दिला. बोर्डिंगांतला फ्रीज लहान. त्यांत तें भलें मोठें पातेलें मावणें शक्य नव्हतें. "झांकून ठेवा, सकाळीं पुन्हां एक उकळी द्या, म्हणजे झालें," असें मीं सांगितलें.

आमचा आचारी मोठा कामसू गृहस्थ होता. दोन-तीन दिवसांपूर्वीं विळीवर कापलेला त्याचा अंगठा पिकला होता. तो त्यानें मला मुद्दाम दाखविला. "फडकें गुंडाळ आणि एवढा सण निभावून ने," हेंच काय तें मीं त्याला उत्तर दिलें. बासुंदी निवल्यावर त्यानें त्याच हातानें पातेल्याच्या कडेची साय खरडून दुधांत मिसळली, वरून चारोळी घातली आणि पातेलें झांकून ठेविलें. ही गोष्ट माझ्या नजरेआड घडली असें मी म्हणूं शकत नाहीं. मी स्वयंपाकघराच्या दारांतच उभा होतों आणि दुसऱ्या दिवशींच्या गीतांची यादी करीत होतों.

सकाळीं बासुंदीला चांगली खळखळून उकळी दिली. साडेबारा वाजतां जेवणें झालीं. बासुंदी फारच उत्तम झाली होती. मुलांनीं ती मागून मागून घेतली. तीन वाजण्याच्या सुमारास पहिला मुलगा ओकला. उन्हांत खेळला असेल, अति खाल्लें असेल, असें मीं मनांत म्हटलें. पुढच्या अर्ध्या तासांत ओटा, पडवी, न्हाणीघर, जेथें पाहावें तेथें मुलें पोट धरून बसलेलीं दिसूं लागलीं. चौसष्ट मुलांपैकीं एक्केचाळीस मुलें आजारी पडलीं. पांचवींतला सर्वांत लहान मुलगा ओकून ओकून इतका निपचित झाला, कीं त्याला उचलून घेतलें तेव्हां त्याची मान माझ्या खांद्यावर ओल्या फडक्यासारखी पडली. त्या दिवशीं पहाटे ज्या तोंडानें मीं जीवनाचीं गीतें गाइलीं, त्या तोंडांतून आतां प्रार्थनेचा एक शब्दहि बाहेर पडेना.

तालुक्याच्या गांवाहून डॉक्टरबाई आल्या. त्यांनीं दोन मुलांना दवाखान्यांत नेऊन शिरेंतून सलाईन दिलें. बाकीच्यांना क्षारसंजीवनी घोट-घोट पाजण्यास आम्हां सर्वांना बसविलें. ओकारी झाली तरी थांबूं नका, दहा मिनिटांनीं पुन्हां चमच्यानें पाजा, असें त्यांनीं सांगितलें. सन १९७१ मध्यें बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं मीठ, साखर व सोडा घातलेलें पाणी पिंपांत भरून पटकीच्या रोग्यांना पाजलें आणि असंख्य जीव वांचविले, हें मीं वाचलें होतें. परंतु त्या साध्या पाण्याचें मोल मला त्या रात्रीं कळलें. पहाटेपर्यंत बहुतेक मुलें शांत झोंपलीं. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तीं जेवूं लागलीं. प्रभूच्या कृपेनें एकहि मूल दगावलें नाहीं.

येथेंच गोष्ट संपती, तर ती लिहिण्याचें मला कारण नव्हतें.

आमच्या बोर्डिंगांत तीन आठवड्यांपूर्वीं भांडीं घासण्यास एक बाई नव्यानें लागली होती. गांवाबाहेरच्या ज्या वस्त्यांतून आमच्याच आज्या-आजोबांनीं एके काळीं मंदिरांत पाऊल टाकलें, तशाच एका वस्तींतून ती येत असे. रविवारीं संध्याकाळीं पालक आणि मंडळींतले लोक अंगणांत जमले, तेव्हां कुजबूज सुरू झाली. "नवी बाई आली, आणि हें असें झालें." "तिनें पाण्याच्या पिंपाला हात लाविला असेल." "त्या लोकांना स्वच्छता ती काय ठाऊक?" इतक्यांत कोणीतरी चौकशी केली, कीं बासुंदीचें पातेलें कोठें आहे? उरलेलें दूध तपासणीस पाठवावयाचें होतें. परंतु पातेलें घासून, राखेनें लख्ख करून, पालथें घातलेलें होतें. "पाहा! पुरावासुद्धां धुऊन टाकला!" असें एक गृहस्थ मोठ्यानें म्हणाले. वस्तुतः जेवण होतांच भांडीं ताबडतोब घासून ठेवावीं, हा नियम मींच तिला घालून दिला होता. ती बाई विहिरीच्या काठावर उभी राहून हें सर्व ऐकत होती. तिनें माझ्याकडे पाहिलें. मीं मान खालीं घातली.

त्या क्षणीं मीं कांहीं खोटें बोललों नाहीं. मीं कांहींच बोललों नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती कामावर आली नाहीं.

सोमवारीं डॉक्टरबाई पुन्हां आल्या. लोकांच्या बोलण्याकडे त्यांनीं लक्ष दिलें नाहीं. त्यांनीं वर्गांतला फळा बाहेर आणविला, सर्व मुलांचीं नांवें लिहविलीं, आणि प्रत्येकापुढें भात, रस्सा, पुरी, बासुंदी व पाणी यांपैकीं कोणी काय घेतलें, आणि कोण केव्हां आजारी पडला, हें मुलांकडूनच भरून घेतलें. फळा भरला, तेव्हां सांगण्यासारखें कांहीं उरलेंच नाहीं. पाणी सर्व चौसष्ट मुलांनीं प्यालें होतें. भात-रस्साहि सर्वांनीं खाल्ला होता. बासुंदी सहा मुलांनीं घेतली नव्हती, आणि त्या सहांपैकीं एकालाहि कांहीं झालें नव्हतें. "आतां पाण्याला दोष कसा द्याल?" असें त्यांनीं विचारलें. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताप कोणाला नाहीं. खाल्ल्यावर अडीच-तीन तासांतच ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि एका दिवसांत थांबल्या. सर, ही लक्षणें एका विशिष्ट विषाचीं आहेत. बासुंदीला हात कोणाचा लागला, आणि ती किती वेळ बाहेर होती?"

मीं आचाऱ्याला बोलाविलें. त्याच्या अंगठ्यावरचें फडकें त्यांनीं सोडलें, आणि मला सर्व समजलें.

त्यांनीं जें सांगितलें, तें विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत ठेवावें. स्टॅफिलोकॉकस नांवाचे जंतु पुष्कळ निरोगी माणसांच्याहि नाकांत व त्वचेवर असतात. पिकलेल्या जखमेंत तर त्यांची खाणच असते. ते दुधांत पडले आणि त्यांना ऊब व वेळ मिळाला, कीं ते वाढूं लागतात. दर अर्ध्या तासानें ते दुप्पट होतात असें धरलें, तर एका जंतूचे दहा तासांत दहा लाखांहून अधिक होतात. गणिताची आवड असणाऱ्यांनीं पडताळा पाहावा. वाढतां वाढतां हे जंतु अन्नांत एक विष सोडतात. उकळीनें जंतु मरतात, परंतु तें विष उकळीनेंहि नाहींसें होत नाहीं. विंचू मारला म्हणून चढलेलें विष उतरत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. सकाळच्या ज्या उकळीवर मीं भरंवसा ठेविला, तिनें फक्त विंचू मारला होता. आणि अशा अन्नाला वास येत नाहीं, चव बदलत नाहीं, रंग पालटत नाहीं. आमची बासुंदी अखेरच्या वाटीपर्यंत गोडच होती.

दुसऱ्या दिवशीं ७ एप्रिल हा जागतिक आरोग्यदिन होता, आणि त्या वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्या दिवसासाठीं सुरक्षित अन्न हाच विषय नेमला होता. "तुम्ही तो दोन दिवस आधींच साजरा केला," असें डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या हंसल्या नाहींत, आणि मीहि हंसलों नाहीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्या संघटनेनें प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें जगांत दर वर्षीं सुमारें साठ कोटी माणसें दूषित अन्नानें आजारी पडतात आणि चार लक्ष वीस हजार मरतात. मरणाऱ्यांत जवळजवळ एक-तृतीयांश पांच वर्षांखालील बालकें असतात. तो आंकडा वाचतांना माझ्या खांद्यावर पडलेली ती लहानशी मान मला आठवली.

त्यानंतर मीं या विषयावर जें मिळेल तें वाचूं लागलों. दुधांतल्या या विषाचा शोध लागण्यास सुद्धां एका माणसाचें स्वतःचें पोट खर्ची पडलें आहे. मार्शल बार्बर नांवाचा अमेरिकन संशोधक फिलिपाइन्स बेटांत असतां एका गोठ्यांतील दुधानें वारंवार आजारी पडे. ताजें दूध प्याल्यास कांहीं होत नसे. तेंच दूध कांहीं तास तसेंच ठेवून प्याल्यास ओकाऱ्या होत. एका गाईच्या कांसेंत हे जंतु आहेत आणि दूध ठेवल्यानें तें विषारी होतें, हें त्यानें स्वतः पिऊन सिद्ध केलें व सन १९१४ मध्यें प्रसिद्ध केलें. पुढें सन १९३० मध्यें शिकागो येथील गेल डॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नाताळच्या दिवसांत साय भरलेल्या केकमुळें झालेल्या विषबाधेचा छडा लाविला. जंतु गाळून वेगळे केलेला द्रव त्यांनीं स्वयंसेवकांस पाजला. जंतु नसतांहि त्यांना तोच त्रास झाला. सणाचा गोड पदार्थ, दूध-साय, आणि मध्यें गेलेला वेळ! आमचीच हकीगत मी शंभर वर्षांपूर्वींच्या कागदांतून वाचीत होतों.

मेरी मॅलन हिची हकीगतहि मला तेव्हांच वाचावयास मिळाली. ती न्यूयॉर्क येथें धनिकांच्या घरीं स्वयंपाक करणारी एक गरीब आयरिश बाई. ती स्वतः धडधाकट, परंतु तिच्या शरीरांत विषमज्वराचे जंतु वास करीत. सन १९०७ मध्यें जॉर्ज सोपर यानें तिला हुडकून काढलें. तिला एका बेटावर ठेविलें, १९१० मध्यें सोडलें; तिनें पुन्हां स्वयंपाकाचें काम धरलें, म्हणून १९१५ मध्यें पुन्हां पकडलें, आणि १९३८ मध्यें मरण येईपर्यंत त्या बेटावरून सोडलें नाहीं. दुसऱ्यांदा तिच्या हातून चूक झाली हें खरें. तथापि तिच्यासारखे जंतु बाळगणारे शेंकडों लोक पुढें सांपडले, त्यांच्या वांट्याला असा जन्माचा बंदिवास आला नाहीं. रोगाला माणसाचा चेहरा द्यावा, आणि तो चेहरा शक्यतों गरिबाचा असावा, ही मनुष्याची फार जुनी खोड आहे. मेरीच्या देहांत निदान जंतु तरी होते. आमच्या बाईच्या हातांवर राखेशिवाय कांहींच नव्हतें.

शेवटीं मी तिच्या घरीं गेलों. ती दाराशीं निवडण घेऊन बसली होती. मला पाहतांच उठली आणि पहिला प्रश्न तिनें विचारला, "पोरं बरी हायती का, सर?"

"बरीं आहेत," मी म्हणालों. "बाई, दोष तुमचा नव्हता. दोष माझा होता."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. थोडा वेळ ती सुपाकडे पाहत राहिली. "पर त्या राती तुमी काय बोलला न्हाई."

मला उत्तर नव्हतें. मीं क्षमा मागितली. त्यावर ती जें म्हणाली, तें मी जन्मांत विसरणार नाहीं. "मला एकटीला सांगून काय उपेग? ज्येंच्याम्होरं झालं, त्येंच्याम्होरं सांगा." मग ती आंत गेली व तांब्याभर पाणी घेऊन आली. तो तांब्या आरशासारखा घासलेला होता. मीं पाणी प्यालों.

पुढच्या रविवारीं उपासनेनंतर मीं सर्व मंडळीसमोर उभा राहिलों आणि घडलें तसें सांगितलें. बासुंदी आदल्या दिवशीं करण्याचा हुकूम माझा, अंगठा पाहून आचाऱ्याला कामास लावणारा मी, पातेलें घासण्याचा नियम माझा, आणि बाईवर आळ आला तेव्हां गप्प बसलेलाहि मीच. कांहींजणांना हें आवडलें नाहीं. शिक्षकानें असें उघड बोलूं नये असें त्यांचें मत पडलें. ज्या गृहस्थांनीं पुराव्याची गोष्ट काढली होती, ते मात्र बाहेर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मीहि येतों तिच्याकडे." जून महिन्यांत ती कामावर परत आली.

त्या वर्षापासून, मी जेथें असेन तेथील स्वयंपाकघरांत कांहीं गोष्टी कटाक्षानें पाळतों. बाळांनो, तुम्हीहि त्या घरीं सांगा. स्वयंपाकाला लागण्यापूर्वीं, शौचाहून आल्यावर व जेवणापूर्वीं साबणानें हात धुवावे. एखाद्या गीताचें एक कडवें सावकाश गाऊन होईपर्यंत ते चोळावे, म्हणजे वीस सेकंद भरतात. ज्याच्या हाताला जखम असेल, त्याला त्या दिवशीं अन्नाला हात लावूं देऊं नये, आणि त्याचा त्या दिवसाचा पगारहि कापूं नये, नाहीं तर तो जखम लपवील. कच्चें मांस-मासळी व शिजलेलें अन्न यांचीं भांडीं आणि विळी-सुरी निराळी असावी. शिजलेलें अन्न दोन तासांहून अधिक वेळ तसेंच बाहेर राहूं देऊं नये. तें साठ अंशांच्या वर कढत ठेवावें, नाहीं तर लहान लहान भांड्यांत काढून लवकर निववून पांच अंशांखालीं थंड ठेवावें. मोठें पातेलें मध्यभागीं तासन् तास कोमट राहतें, आणि कोमटपणा हेंच जंतूंचें माहेर. रात्रीचा भात उघड्यावर ठेवून सकाळीं फोडणी देण्याची आपली चाल आहे; परंतु भातांतहि एका जंतूचीं बीजें शिजूनसुद्धां जिवंत राहतात व रात्रींत वाढतात, आणि त्यांच्याहि विषाला फोडणीची भीति नसते. उरलेला भात निवतांच फ्रीजमध्यें जावा. सणाच्या दिवशीं प्रत्येक पदार्थाची एक वाटी झांकून फ्रीजमध्यें राखून ठेवावी, म्हणजे कांहीं विपरीत घडलेंच, तर तपासणीस अन्न मिळतें आणि निरपराधावर आळ येत नाहीं. आणि कोणी आजारी पडलाच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून तें घोट-घोट पाजीत राहावें. रक्त पडूं लागलें, ताप चढला, लघवी बंद झाली किंवा मूल सुस्त पडलें, तर क्षणाचाहि विलंब न लावतां दवाखाना गांठावा.

असो. आतां नळापाशीं विचारलेल्या त्या प्रश्नाकडे वळतों.

माझ्या बाळा, प्रभूनें हात धुण्याचा निषेध केला नाहीं. हात धुतल्यानें आपण इतरांहून पवित्र झालों, आणि ज्यानें धुतले नाहींत तो विटाळला, असें मानणाऱ्यांचा गर्व त्यानें उघडा पाडला. माणसाला भ्रष्ट करणारी घाण अंतःकरणांतून निघते, हें त्याचें सांगणें होतें. आमच्या अंगणांत त्या रविवारीं दोन प्रकारचे न धुतलेले हात होते. एक आचाऱ्याचा, त्यानें मुलांचीं पोटें बिघडविलीं, आणि तीं एका दिवसांत बरीं झालीं. दुसरे आमचे, आम्ही सणासाठीं साबणानें स्वच्छ धुऊन आलों होतों आणि त्याच हातांनीं एका निरपराध बाईकडे बोट दाखवीत होतों. तें बरें होण्यास एक आठवडा, एक कबुली आणि तिच्या घरचें तांब्याभर पाणी लागलें.

म्हणून तूं साबणानें हात धू. तुझ्या ताटाशेजारीं दुसऱ्याचेंहि ताट आहे, यासाठीं धू. परंतु हात धुऊन झाल्यावर, पलीकडच्या नळावर कोण उभा आहे आणि तो कोणत्या वस्तींतून आला आहे, हें पाहत बसूं नकोस. घंटा झाली आहे; त्याला टॉवेल दे, आणि दोघेहि जेवावयास चला.